रंग आणि रत्न

माणिक तांबडे, नीलमणी निळा, पाचू हिरवा. तेव्हा ही तीन रत्ने तीन निरनिराळ्या खनिजांची असावीत, असे सहजच वाटते. वस्तुतः माणिक व नीलमणी हे एकच खनिज होय. त्याचे नाव कुरुविंद. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या संयोगाने ते बनते आणि शुद्ध असल्यास त्याला रंगच नसतो. ॲल्युमिनियमच्या थोड्या अणूंची जागा क्रोमियमने घेतली, की ते तांबडे होते. लोह व टिटॅनियम ही दोन्ही शिरली, तर निळे.

पाचू हा बेरिल या वेगळ्या खनिजाचा प्रकार. परंतु नवल असे, की त्याचा हिरवा रंगही बहुधा क्रोमियमचाच! भोवतालच्या अणूंची पकड बदलली, की तोच क्रोमियम प्रकाशातील वेगळा भाग शोषून घेतो.

केवळ रंगावर विसंबल्याने राजेरजवाड्यांचीही फसगत झाली आहे. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे माणिक नव्हेच. ते मॅग्नेशियमयुक्त स्पिनेल आहे. या दोन खनिजांतील भेद रोमे द लिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये दाखविला. माणकात शिरलेला प्रकाशकिरण सामान्यतः दुभंगतो; स्पिनेलमध्ये तो एकसंध राहतो.