एवढं पाणी का पितोय? मोत्याचा पेम्फिगस आणि स्टेरॉइडचे दिवस

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

गेल्या पावसाळ्यात कापूरहोळवरून आईचा फोन आला. "मोत्याच्या नाकावर खपल्या धरल्यात. लूत लागली वाटतं." मी हिंजवडीत, मीटिंगमध्ये. फोटो मागवले. नाकाच्या दांड्यावर आणि दोन्ही कानांवर पिवळट खपल्या, पंजांच्या गाद्या कडक होऊन भेगाळलेल्या. शनिवारी घरी गेलो तर पठ्ठ्या पाय उचलून धरत लंगडत होता.

शेजारच्या काकांनी जळकं ऑइल लावायला सांगितलं. गावाकडे कुत्र्याच्या प्रत्येक रोगावर हाच उपाय असतो. कृपया लावू नका, कुत्रं ते चाटतं आणि पोटात घेतं.

निघाला पेम्फिगस फोलिएशियस. कुत्र्यांमध्ये जे ऑटोइम्यून त्वचारोग होतात, त्यांत हा सगळ्यात जास्त दिसणारा. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे प्रोटीनचे टाके असतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्या टाक्यांनाच शत्रू समजते. आपल्या भाषेत सांगायचं तर अँटीव्हायरसनेच सिस्टिम फाइल उडवायला घेतली. टाके सुटले की पेशी मोकळ्या होतात, पुळ्या येतात, त्या लगेच फुटतात आणि खपल्या धरतात. हा संसर्ग नाही. माणसाला होत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही लागत नाही. आईला हे तीनदा सांगावं लागलं.

पण नुसतं बघून औषध सुरू करायचं नसतं, हे महत्त्वाचं. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यामुळे होणारी लूत आणि काही बुरशीचे रोगही असेच दिसू शकतात, आणि तिथे स्टेरॉइड दिलं तर रोग आणखी पसरतो. म्हणून आधी खरवडून तपासणी, पुळीतल्या द्रवाची स्लाइड, आणि मग कातडीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी. आमच्याकडचं एक बरंय, साताऱ्याच्या दिशेनं नीरा नदी ओलांडली की शिरवळ, आणि तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भोर-वेल्ह्यातल्या लोकांना प्रत्येक वेळी पुणं गाठायची गरज नाही.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोन. सुरुवातीचा डोस मोठा असतो, साधारण किलोमागे रोज 2 मिलिग्रॅम. (तुमच्या कुत्र्याचा आकडा डॉक्टरच ठरवतील, माझ्यावरून गुणाकार करू नका.) दहा-बारा दिवसांत नवीन पुळ्या थांबल्या, खपल्या गळू लागल्या. सगळे खूश.

आणि मग पाणी. मोत्या बादलीभर पाणी प्यायला लागला. पडवीत, अंगणात, एकदा तर तुळशीपाशी मुतला. रात्री धापा टाकायचा. भूक अशी की भाकरीचं टोपलंच पळवलं. अण्णांना वाटलं, गोळ्यांनीच कुत्रं बिघडलं. कातडी तर बरी दिसत होती, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी मोत्या उठेना. उलट्या, अंग गार, हाक मारली तर फक्त शेपटीचं टोक हलवायचा.

झालं काय, तर मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी रोज थोडं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की त्या काम थांबवतात. मग बाहेरचा पुरवठा एकदम तोडला की शरीरात काहीच उरत नाही. सर्व्हर नव्या मशीनवर हलवला, जुना बंद केला आणि मग नव्याचीही वायर काढली, तसं. सलाइन आणि इंजेक्शनवर तो सावरला. अण्णा दिवसभर दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत. मीही काही बोललो नाही. गोळ्या सुरू करताना 'पाणी वाढणारच' हे सांगायचं मीच विसरलो होतो.

तहान, लघवी, भूक, धापा हे अपेक्षित आहे. पाणी तोडायचं नाही, बाहेर जास्त वेळा न्यायचं. पण काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, सतत न खाणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅम, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं अजिबात नकोत, जठरात अल्सर होतो. गोळी खाण्यासोबत द्यायची. रोग आटोक्यात आला की डोस दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा थोडा उतरवतात, साधारण पाव हिस्सा.

स्टेरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून मोत्याला ॲझाथायोप्रिनही सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. ते अस्थिमज्जा आणि यकृतावर ताण आणू शकतं, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. ही गोळी हातमोजे घालून द्यायची आणि घरात मांजर असेल तर तिच्या तोंडी लागू द्यायची नाही, मांजरांना ती फार घातक आहे. उन्हानं हा रोग काही कुत्र्यांत भडकतो, म्हणून मोत्याची दुपार आता पडवीत जाते.

एक शेअर केलेली शीट बनवलीये: तारीख, डोस, किती पाणी, नवीन पुळी आहे की नाही, नाकाचा फोटो. मी कॉलम केले होते पाच. अण्णांनी सहावा वाढवला, 'मूड'. काल तिथे लिहिलं होतं: बैलपोळ्याच्या पुरणपोळीकडे बघत बसला, दिली नाही.