हाली सिक्का

हाली सिक्का हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चांदीचे चलन होते. ‘हाली’ म्हणजे सध्या चालू असलेला. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासह बीड जिल्हा या संस्थानात असल्याने तेथे हेच राजचलन होते. शेजारच्या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात मात्र ब्रिटिशांचा कलदार रुपया चाले. हालीत सुमारे ८२ टक्के, तर कलदारात सुमारे ९२ टक्के चांदी असे. १८९३ मध्ये ब्रिटिश टांकसाळी खासगी चांदीस बंद झाल्यावर कलदार चांदीच्या घसरत्या भावापासून सुटला. हालीचा दर मात्र अस्थिर राहिला. विलीनीकरणानंतर ७ हाली रुपयांस ६ भारतीय रुपये या दराने हे चलन बदलून देण्यात आले. १९०४ पासूनच्या नाण्यांवर चारमिनार आहे. त्याच्या कमानीतील ‘मीम’ हे अक्षर महबूब अली खान यांचे, तर ‘ऐन’ उस्मान अली खान यांचे. नाणेसंग्राहक त्यावरून कारकीर्द ओळखतात.