हरलेल्याची जागा

आणीबाणीच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘काही म्हणा, गाड्या वेळेवर धावत होत्या.’’ या वाक्यामागे एक जुनी शंका दडलेली आहे. लोकशाही म्हणजे मोर्चे, बंद, आरोप आणि अधूनमधून पडणारी सरकारं. मग समाजाला स्थैर्य हवं असेल तर एखादा कडक हातच बरा नाही का?

शंका रास्त आहे. पण शांतता आणि स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिबियात गद्दाफींनी १९६९ पासून ४२ वर्षं राज्य केलं. बाहेरून पाहणाऱ्याला देश शांत दिसे. २०११ मध्ये त्यांची सत्ता कोसळली आणि मागे उरल्या सशस्त्र टोळ्या, पुढे तर एकमेकांना न मानणारी दोन सरकारं. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात रक्त न सांडता कशी द्यायची, याची सवयच तिथे लागू दिलेली नव्हती.

आपल्याकडे १९७७ मध्ये काय झालं? २१ महिन्यांच्या आणीबाणीनंतर निवडणूक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. १९८० मध्ये लोकांनीच त्यांना पुन्हा निवडून दिलं. हरलेल्याला परत येण्याची वाट खुली असते, म्हणून तो हार पचवतो. लोकशाहीचं स्थैर्य येतं ते इथून.

पण नुसती मतपेटी पुरते का? याचं उत्तर आपल्या शेजारी, श्रीलंकेत आहे. तिथे १९३१ सालीच प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला, म्हणजे आपल्या दोन दशकं आधी. निवडणुका होत, सरकारं बदलत. पण १९५६ मध्ये बहुमताच्या जोरावर कायदा झाला की, राज्यकारभाराची भाषा एकच, सिंहली. पंतप्रधान बंडारनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तडजोडीचा करार केला. विरोध होताच पुढच्या वर्षी तो मोडला. कायदा संसदेतच झाला होता, मतं नीट मोजली होती. तरीही तमिळ माणसाला कळून चुकलं, की आपण कितीही वेळा मत दिलं तरी या प्रश्नावर आपण हरणारच.

मी मराठीत कविता लिहितो. उद्या कुणी बहुमतानं ठरवलं, की या भाषेतला अर्ज सरकारी कचेरीत चालणार नाही, तर? जाफन्याच्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं की त्याचा संताप समजतो. त्याच जाफन्याचं ग्रंथालय १९८१ मध्ये जाळलं गेलं. १९८३ च्या दंगलींनंतर युद्ध भडकलं. संसदेची भाषा बोलणारे तमिळ नेते मागे पडले आणि बंदूकवाले पुढे आले. त्या बंदुकीनं स्वकीय मवाळांनाही सोडलं नाही. २००९ मध्ये युद्ध संपलं. तमिळलाही राजभाषेचा दर्जा १९८७ मध्ये मिळाला होता. पण तो ३१ वर्षं उशिरा.

आता मिझोराम पाहा. बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले आणि १९५९ पासून तिथे दुष्काळ पडला. सरकारी मदत अपुरी ठरली. त्या रागातून १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. ऐझॉलवर आपल्याच वायुदलाची विमानं गेली, गावंच्या गावं हलवली गेली. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी, करार झाला. मिझोंच्या जमिनी, चालीरीती आणि धार्मिक प्रथा यांच्याबाबतचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही, अशी हमी संविधानातच लिहिली गेली. बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. पण तो पुन्हा जंगलात गेला नाही. १९९८ मध्ये तोच पक्ष मतांच्या बळावर सत्तेवर आला.

दोन्हीकडे निवडणुका होत्या. फरक पडला तो दोन गोष्टींनी. माणसाची भाषा, श्रद्धा, जमीन मतदानाला लावायची नाही, ही एक. आणि आज हरलेल्याला उद्या जिंकण्याची खरी संधी हवी, ही दुसरी. या दोन्ही सांभाळल्या तर गोंगाट कितीही होवो, समाज टिकतो. त्या गमावल्या, तर वेळेवर झालेल्या निवडणुकाही त्याला वाचवत नाहीत.

याची परीक्षा घ्यायला दिल्लीला जावं लागत नाही. ग्रामपंचायतीचा निकाल लागतो, गुलाल उधळला जातो. त्यानंतर हरलेल्या पॅनेलच्या आळीला पाणी पूर्वीच्याच वेळी सुटतं का, तिथली गटारं उपसली जातात का, एवढं पाहावं. पुढची पाच वर्षं गाव कसं नांदेल, ते तिथंच कळतं.