जुन्या लॅपटॉपला हलक्या प्रणालीची जोड
जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांकडून येणारे संकेत जुळवण्यासाठी लिनक्सवर चालणारे संगणक वापरले जातात. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या याच मुक्त प्रणालीच्या, म्हणजे जिचा आज्ञासंच कोणालाही पाहता व बदलता येतो अशा प्रणालीच्या, हलक्या आवृत्त्या जुन्नर-आंबेगावातील घरांत धूळ खात पडलेल्या लॅपटॉपलाही पुन्हा कामाला लावू शकतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागत असल्याने अनेक धडधाकट यंत्रे केवळ नियमाने बाद ठरली. अशा यंत्रांवर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या चालवता येतात; त्यांचा दर्शनी पडदा साधा असल्याने रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, कमी खर्ची पडते. मात्र जड संकेतस्थळे तितकीच रॅम खातात. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, बसवली, तर फरक सर्वाधिक जाणवतो.

प्रणाली आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, ध्वनी आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तपासता येतो, डिस्कवरील मजकुराला त्या वेळी धक्का लागत नाही. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील जुने दस्तऐवज मात्र तो फॉन्ट नसल्यास निरर्थक अक्षरांत उमटतात, म्हणून नवी प्रणाली बसवताना डिस्क पुसण्यापूर्वी त्या फाइलींची प्रत आणि फॉन्ट दोन्ही जपून ठेवावे लागतात.