खंडशः गुप्तलेखन व त्याच्या योजनपद्धती

गुप्तलेखनशास्त्राच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्याचे लक्ष साहजिकच प्रथम गूढक्रियेकडे, म्हणजे किल्लीच्या साहाय्याने मूळ मजकुराचे गूढलेखात रूपांतर करणाऱ्या गणिती क्रियेकडे वेधले जाते. ती क्रिया अभेद्य असली की गुप्तता साधली, असा समज त्यातून दृढ होतो. परंतु खंडशः चालणारी गूढक्रिया एका वेळी ठराविक लांबीचा एकच खंड हाताळते. अमेरिकेने १९७७ साली प्रमाणित केलेल्या डीईएस या क्रियेत हा खंड ६४ बिटांचा होता. २००१ साली प्रमाणित झालेल्या एईएसमध्ये तो १२८ बिटांचा, म्हणजे अवघ्या १६ बाइटांचा आहे. कोणतेही पत्र वा चित्र याहून कितीतरी मोठे असते. तेव्हा एकामागून एक येणाऱ्या खंडांना ती क्रिया कोणत्या रीतीने लावावयाची, हा प्रश्न स्वतंत्रच उरतो. या रीतीस योजनपद्धती म्हणता येईल. डीईएससाठी अशा चार पद्धती १९८० साली प्रमाणित झाल्या. प्रत्येक पद्धतीची एखादी अट असते, आणि ती मोडली तर निर्दोष गूढक्रियाही निरुपयोगी ठरते.

सर्वांत सरळ पद्धती म्हणजे प्रत्येक खंडाचे स्वतंत्रपणे गूढलेखन करणे. तिला इलेक्ट्रॉनिक कोडबुक, म्हणजे संकेतकोश, असे नाव आहे व ते यथार्थ आहे. कारण किल्ली तीच असेतोपर्यंत समान खंडांचे गूढलेखही समानच येतात. एकरंगी पार्श्वभूमीवरील आकृतीचे असे गूढलेखन केल्यास रंग बदलतात, पण आकृतीची बाह्यरेषा बहुधा ओळखू येते. २०१३ साली अडोबी कंपनीकडील ग्राहकांची माहिती चोरीस गेली, तेव्हा त्यांतील परवलीचे शब्द याच पद्धतीने झाकलेले आढळले. किल्ली कोणासही सापडली नव्हती. परंतु एकच शब्द निवडणाऱ्या सर्वांचे गूढलेख सारखे होते आणि शेजारी ग्राहकांनी स्वतःच लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. त्या एकत्र वाचल्या की शब्दकोड्याप्रमाणे उत्तर हाती येई.

हा दोष घालविण्यासाठी आयबीएममधील संशोधकांनी १९७६ साली शृंखलापद्धती पुढे आणली. तीत प्रत्येक मूळ खंडात आधीच्या खंडाचा गूढलेख मिळविला जातो व मग त्या बेरजेवर गूढक्रिया होते. ही बेरीज द्विमान पद्धतीची, हातचा न धरता केलेली असते: समान बिटांची बेरीज शून्य, भिन्न बिटांची एक. तीच संख्या दोनदा मिळविली तर तिचा परिणाम नाहीसा होतो, आणि याच गुणामुळे उलगडा शक्य होतो. पहिल्या खंडापूर्वी काहीच नसल्याने तेथे एक आरंभखंड घ्यावा लागतो.

हा आरंभखंड गुप्त ठेवण्याची आवश्यकता नाही. मात्र मूळ मजकूर निश्चित होण्यापूर्वी तो कोणास ओळखता येता कामा नये. ही अट वरवर क्षुल्लक वाटते. इंटरनेटवरील टीएलएस संकेताच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तीत मागील संदेशाचा शेवटचा गूढखंडच पुढील संदेशाचा आरंभखंड म्हणून वापरला जाई. तो यादृच्छिक भासत असे खरा, पण श्रोत्यास तो आधीच ठाऊक असे. आपला मजकूर त्याच किल्लीखाली पाठवून घेऊ शकणाऱ्या शत्रूस एवढे पुरते. एखाद्या जुन्या खंडात काय असावे याचा तो तर्क करतो. त्या तर्कात जुन्या खंडाच्या आधीचा गूढखंड व येणारा आरंभखंड मिळवितो आणि बेरीज पाठवितो. आरंभखंड दोनदा येऊन लुप्त होतो. उत्तरादाखल जुनाच गूढखंड पुन्हा दिसला तर तर्क खरा. दुआँग व रिझो यांनी २०११ साली हे प्रत्यक्ष करून दाखविले. या हल्ल्यात गूढक्रियेस धक्काही लागत नाही.

गूढलेख वा गूढक्रियेचे फलित पुन्हा तिलाच पुरवून किल्लीप्रवाह निर्माण करणाऱ्या दोन पद्धतीही १९८० च्या प्रमाणात होत्या. त्यांचे महत्त्व आता कमी झाले आहे. त्यांची जागा गणकपद्धतीने घेतली. डिफी व हेलमन यांनी १९७९ साली ती सुचविली, तरी अमेरिकेच्या शिफारशीत तिला २००१ सालीच स्थान मिळाले. येथे क्रमाने वाढणाऱ्या संख्यांवर गूढक्रिया करावयाची व आलेले फलित मजकुरात मिळवावयाचे. खंड परस्परांवर अवलंबून नसल्याने अनेक यंत्रांवर काम एकाच वेळी चालते.

या पद्धतीची अट वेगळी आहे: संख्या ओळखता आली तरी चालते, पण एका किल्लीखाली ती पुन्हा येता कामा नये. ती पुन्हा आली तर दोन गूढलेखांची बेरीज करताच किल्लीप्रवाह गळून पडतो व दोन मूळ मजकुरांची बेरीज उरते. ही चूक यंत्रयुगाच्या आधीची आहे. १९४२ साली सोव्हिएत संघात एकदाच वापरावयाच्या किल्लीवहीची काही पृष्ठे दोनदा तयार झाली. अमेरिकेतील आर्लिंग्टन हॉल येथील विश्लेषकांनी त्या पुनरावृत्तीच्या आधारे अनेक संदेश उलगडले. व्हेनोना या नावाने हे कार्य पुढे प्रसिद्ध झाले.

आतापर्यंत केवळ गुप्ततेचा विचार झाला. गणकपद्धतीत गूढलेखातील एक बिट उलटविला की मूळ मजकुरातील तोच बिट उलटतो. रकमेचे स्थान माहीत असल्यास ती न वाचताही बदलता येते. म्हणून गूढलेखनास सत्यतेची खूण जोडणाऱ्या पद्धती आल्या. त्यांतील जीसीएम २००७ साली शिफारशीत आली, आणि टीएलएसच्या २०१८ सालच्या आवृत्तीने अशाच संयुक्त पद्धती तेवढ्या ठेवल्या. मात्र जीसीएमचा गाभा गणकपद्धतीचाच असल्याने अटही तीच, आणि शिक्षा अधिक कडक: संख्येची पुनरावृत्ती झाली तर खूण बनविणारी गुप्त राशीच शोधून काढता येते व खोटे संदेश खरे म्हणून खपविता येतात. रोगवे व श्रिम्प्टन यांनी २००६ साली मांडलेल्या एसआयव्ही पद्धतीत पुनरावृत्तीमुळे एवढेच कळते की दोन संदेश तंतोतंत सारखे होते. तिची किंमत अशी की संपूर्ण संदेश एकदा वाचून झाल्यावाचून गूढलेखाचा पहिला बिटही बाहेर पडत नाही.