चषक दुसऱ्याच्या हाती

मोटारशर्यत म्हटली की आमच्या समाजबांधवांना वाटते, हा पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. वेंडेल आणि मेरी स्कॉट या अमेरिकेतील काळ्या दांपत्याची कहाणी ऐका आणि मग ठरवा.

वेंडेल स्कॉट यांचा जन्म १९२१ साली व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. १९४३ साली मेरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. परत येऊन गावात गॅरेज चालवले आणि १९५२ साली शर्यतीत उतरले. त्याच वर्षी एका मैदानावरून, काळ्यांना येथे परवानगी नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. तरी ते थांबले नाहीत. गोऱ्यांच्या मोठ्या संघांमागे कंपन्यांचा पैसा होता. स्कॉट दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या घेत, स्वतः उघडत, स्वतः जोडत आणि स्वतःच चालवत. पाना-पक्कड घेऊन मदतीला पोटची मुले! सात मुलांच्या या संसारात शर्यतीच्या तुटपुंज्या पैशावर घरही चालवायचे होते आणि गाडीही. मेरी यांनी साथ दिली नसती तर ती गाडी डॅनव्हिलच्या बाहेर पडलीच नसती.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाची मातीची धाव, २०० फेऱ्या. स्कॉट सर्वांच्या पुढे होते. पण विजयाचा झेंडा त्यांच्यासाठी फडकलाच नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजयी घोषित करून चषक देण्यात आला. स्कॉट यांनी हरकत घेतली. फेऱ्यांची नोंद पुन्हा तपासली, तेव्हा स्कॉट यांच्या २०२ फेऱ्या निघाल्या! म्हणजे ते जिंकून दोन फेऱ्या जास्त धावले होते. हे मान्य होईपर्यंत प्रेक्षक घरी गेले होते. चषकही गेला होता. सांगण्यात आले, मोजणीत चूक झाली.

ही 'नजरचूक' आम्ही चांगली ओळखतो. वकिली करताना सातबाऱ्यावर, निवड यादीत, पंचनाम्यात ती आम्हाला रोज भेटते. नवल एवढेच की ती नेहमी एकाच बाजूने होते!

स्कॉट यांनी १९७३ पर्यंत ४९५ शर्यती केल्या. त्याच वर्षी टॅलाडेगा येथील भीषण अपघाताने त्यांची कारकीर्द संपवली. १९९० साली त्यांचे निधन झाले. २०१५ साली त्यांना मानाच्या दालनात स्थान मिळाले आणि चषक कुटुंबाच्या हाती पडला तो ऑगस्ट २०२१ मध्ये! जवळजवळ ५८ वर्षांनी, जिंकणारा जग सोडून गेल्यावर.

बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य दाखवले होते. १९७२ साली आमच्या पँथरने नावही त्यांच्याकडूनच घेतले. म्हणून ही कहाणी परक्यांची नाही.

त्यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, हरकत जागेवरच घ्या आणि लेखी घ्या. स्कॉट गप्प बसले असते तर फेऱ्या पुन्हा कोणी मोजल्या असत्या? नोंद होती म्हणून न्याय उशिरा का होईना, मिळाला. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. निकालपत्रात मेरी यांचे नाव कोठेच नाही. माता रमाईंचे स्मरण आम्ही दरवर्षी करतो. पण कार्यकर्ता तुरुंगात असताना ज्या माउलीने चूल विझू दिली नाही, तिचे नाव आमच्या कोणत्या अहवालात आहे?

दुसऱ्यांनी केलेली चूक आम्ही दाखवतो. ही आमची चूक कोण दुरुस्त करणार?