बालाघाटात पायी भटकायचंय?

कपिलधार (ता. बीड) : मांजरसुंब्याजवळच्या दरीत मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला भाविक दिंड्यांनी मजल दरमजल करत येतात.

सौताडा (ता. पाटोदा) : विंचरणा नदी इथं कड्यावरून खाली झेपावते. पायऱ्या उतरून रामेश्वराच्या मंदिरापाशी गेलं की अंगावर तुषार येतात. उतरताना सोपं वाटतं, दम चढताना लागतो.

नायगाव मयूर अभयारण्य (ता. पाटोदा) : 1994 पासून संरक्षित, सुमारे 30 चौ. किमी. मोर पाहायचे तर दिवस उगवायच्या आत पोहोचा आणि बोलणं बंद ठेवा.

अंबाजोगाई : ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी डोंगरकपारीत आहे. गावालगतच्या हत्तीखाना लेण्यांत दगडी हत्ती उभे आहेत.

धारूर : किल्ल्याच्या तटावरून खोल दऱ्या दिसतात. वाटेवर सीताफळाची झुडपं. डोळे उघडलेलं फळ झाडावरच पिकत आलेलं समजावं.

कधी जावं : जुलै ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात धबधबे आटतात आणि काळा कातळ तापतो. शेवाळलेल्या दगडांवर चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.